रोट नाकारण्यापुरतं स्पॅनिश

तीस वर्षं मी जळगावच्या एका शाळेत मराठी व्याकरण शिकवलं. ‘शिपायाने घंटा वाजवली’ या वाक्यातलं कर्म ओळखता आलं नाही म्हणून किती पोरांना बाकावर उभं केलं असेल, ते आठवलं की आता ओशाळायला होतं. कारण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एका बाईंनी पुण्यात बसून, मोबाइलच्या पडद्यातून, मला तसंच बाकावर उभं केलं. प्रश्नही जवळपास तोच होता. कुणी, काय, कुणाला दिलं? फक्त या वेळी तो स्पॅनिशमध्ये होता.

या वयात स्पॅनिश शिकायची हौस मला नव्हती. मला हौस आहे ती दुपारी झोपायची. पण झालं असं, की माझा एकुलता एक मुलगा नोकरीसाठी स्पेनला गेला, तिथल्याच एका मुलीशी त्यानं लग्न केलं, आणि दोघांचा संसार तिकडे छान मार्गी लागलेला असताना मी इकडे जिन्यात बसकण मारली. छातीत स्टेंट बसला. मुलगा धावत आला, पंधरा दिवस राहिला, आणि परत जाताना म्हणाला, "पप्पा, आम्ही दोघं इकडेच येतो राहायला. माझं काम घरून होतं. तिचंही होईल."

सूनबाई तयार होती. अडत होतं ते तिच्या आईपाशी. विहीणबाई सेव्हिलजवळच्या एका लहान गावात एकट्या राहतात. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले, नवरा गेल्यावर एकटीनं मुलगी वाढवली. त्यांना ही एकच मुलगी, आम्हाला हा एकच मुलगा. म्हणजे माझ्या छातीतल्या तारेच्या एका तुकड्यापायी दुसऱ्या एका बाईचं घर रिकामं होणार होतं. हे मला कळत होतं, आणि ते कळणं स्टेंटपेक्षा जास्त टोचत होतं.

"आई जा म्हणते," सूनबाई एकदा फोनवर मला इंग्रजीत म्हणाली, "पण पप्पा, ती ज्या आवाजात म्हणते ना, त्या आवाजावर मला निघता येणार नाही. ती मनापासून हो म्हणाली तरच मी येईन."

"मग तिला घेऊन ये इकडे. घर बघू दे, माणसं बघू दे. मी सांगतो समजावून."

"आईला इंग्रजी येत नाही. आणि मी मध्ये पडून सांगितलेलं तिला चालत नाही. म्हणते, तू सगळं गोड करून सांगतेस."

तर विहीणबाईंना जे काही असेल ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. श्रावणात त्या येणार होत्या. माझ्या हातात आठ महिने होते.

सुरुवात झोकात झाली. पुण्याच्या बाई मला काका म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम. पाणी, भाकरी, सूर्य, खिडकी, सगळे शब्द भराभर पाठ झाले. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोकडे स्पॅनिशमध्ये मीठ मागू लागलो. ती म्हणायची, "मीठ डाव्या हाताला आहे, मराठीत." तिसऱ्या महिन्यात ती इवलीइवली सर्वनामं आली आणि माझी गाडी रुळावरून उतरली.

मला, तुला, तिला, ते. मराठीत ही कशी मुकाट्यानं कामं करतात. आमच्या घरात तर चाळीस वर्षं नुसत्या सर्वनामांवर संसार चाललाय. बायको माझं नाव घेत नाही, मी तिचं घेत नाही. "त्यांना ते देऊन ये" एवढं तिनं म्हटलं की माझा चष्मा बिनचूक माझ्यापर्यंत पोचतो. मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच काम. पण स्पॅनिशमधली सर्वनामं कधी क्रियापदाच्या आधी येऊन उभी राहतात, कधी मागून येऊन त्याला चिकटतात. कुणाला दिलं ते आधी, काय दिलं ते नंतर. दिलेली वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, तेही बघायचं. शिवाय ‘त्याला’साठीचा ‘ले’ आणि ‘ते’साठीचा ‘लो’ हे दोघं शेजारी बसत नाहीत. पंगतीत दोन रुसलेले भाऊबंद समोरासमोर आले की एकाला उठवून दुसरीकडे नेतात, तसं ‘ले’ला उठवायचं आणि त्याच्या पाटावर ‘से’ला बसवायचं. आणि हा ‘से’ म्हणजे त्याला, तिला, त्यांना आणि आदरानं म्हटलेलं तुम्हाला, असा चौघांच्या वाटचं एकट्यानं जेवणारा गडी.

पहिला अपघात व्हिडिओ कॉलवर झाला. विहीणबाईंनी अंडी-बटाट्याचं जाडजूड धिरडं केलं होतं, ते त्यांनी कौतुकानं कॅमेऱ्यासमोर धरलं. मला म्हणायचं होतं, मी ते खाईन. मी छाती काढून म्हणालो, "ते कोमेरे." मग सूनबाई पडद्यातून दिसेनाशी झाली, कारण ती हसून हसून टेबलाखाली गेली होती. ‘कोमेरे’ बरोबर होतं. ‘ते’ मात्र मी आपल्या घरचं वापरलं होतं, आणि तिकडे ‘ते’ म्हणजे तुला. माझ्या दिवंगत व्याह्यांच्या आत्म्याची क्षमा मागून सांगतो, मी विहीणबाईंना ‘मी तुला खाईन’ असं सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मी सर्वनामांचा नाद सोडला. जिथं तिथं नाम. विहीणबाईंनी विहीणबाईंची बॅग माझ्याकडे द्यावी, मी विहीणबाईंची बॅग वरच्या खोलीत ठेवतो. मॅडम वैतागून म्हणाल्या, "काका, तुमचं बोलणं लग्नपत्रिकेसारखं वाटतं. प्रत्येकाचं नाव आलंच पाहिजे." मी म्हटलं, लग्नपत्रिकेत निदान कुणी कुणाला खात नाही.

श्रावण लागला. सूनबाई आणि विहीणबाई दोघी आल्या. मुलाला रजा नव्हती, तो पंधरा दिवसांनी येणार होता. विहीणबाई अंगानं लहानशा, पाठ ताठ, आणि समोरच्या माणसाकडे बघताना जणू त्याच्या खांद्याचं माप घेतायत अशी नजर. मला त्यांनी ‘कोन्सुएग्रो’ म्हणून हाक मारली. कोन्सुएग्रो म्हणजे व्याही. इंग्रजीत या नात्याला धड शब्द नाही, पण स्पॅनिशमध्ये आहे, हे कळल्यापासून त्या भाषेबद्दलचा माझा निम्मा राग गेला होता. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, मला तू म्हण, तुम्ही नको. मी मान डोलावली आणि तुम्हीच म्हणत राहिलो. विहिणीला अरेतुरे करणारा व्याही आमच्या सात पिढ्यांत झाला नव्हता आणि तो मान मला नको होता.

एकदा धीर करून मी दोन सर्वनामं एकदम वापरली. त्यांच्यासाठी केळीच्या वेफर्सचा मोठा डबा आणला होता. डबा स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. मी आरशासमोर घोकून गेलो आणि म्हणालो, "से ला रेगालो." ही तुम्हाला भेट देतो. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. व्याकरण शंभर टक्के बरोबर होतं. डबा तेवढा आतल्या खोलीत राहिला होता.

हसण्यावारी सगळं जात होतं, पण मला कळत होतं की विहीणबाईंचं हसू ओठांवरच थांबतंय. पाहुणचारात आम्ही काही कमी करत नव्हतो. भरीत झालं, शेवभाजी झाली, जेवताना त्या "नो मे पोंगास मास" म्हणायच्या, म्हणजे मला आणखी वाढू नको, आणि मी त्यातला ‘आणखी’ आणि ‘वाढ’ एवढंच ऐकून आणखी वाढायचो. पहिले दोन ‘नको’ आमच्याकडे कुणी मोजत नाही. सूनबाई ताट उचलायला उठली की बायको तिला खाली बसवायची. "बस, बस, तू कशाला." तिनं पाण्याचा तांब्या हातात घेतला की मी धावायचो. आणि हे चाललं की विहीणबाई लेकीकडे एकटक बघत राहायच्या आणि त्यांचा चेहरा आणखी उतरायचा.

मी बायकोला म्हणालो, "कमी पडतंय आपलं काहीतरी."

"अजून काय करायचं? त्यांना पालखीत बसवायचं का?"

"आणखी मान द्यायला पाहिजे."

या ‘आणखी’पायी पुढचं सगळं झालं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशात घरोघरी हा सण असतो. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी करतात, चौरंगावर केळीच्या खांबांमध्ये बसवतात, आणि सगळे भाऊबंद एका घरी जमतात. आमची कानबाई धुळ्याला, माझ्या थोरल्या वहिनीच्या घरी. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. वहिनीला सगळे अक्का म्हणतात, मीही. अक्का अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही आणि घरातलं एकही पान तिला विचारल्याशिवाय हलत नाही.

या सणाचा जीव म्हणजे रोट. घरातल्या माणशी सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, आणि त्या पिठाच्या जाड पोळ्या करायच्या. पूर्वी फक्त पुरुषांच्या मुठी धरत. अक्कानं घर हाती घेतल्यावर सांगितलं, घरात जे बठ्ठे शेत त्या बठ्ठासन्या मुठी, म्हणजे बायकांच्याही. नियम एकच. रोट घरच्यांनीच खायचा. बाहेरच्या माणसाला त्यातला कणही द्यायचा नाही, मग तो कितीही मोठा पाहुणा असो. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा त्यात बाहेरची. माझी धाकटी बहीण भुसावळला दिलेली आहे. ती दरवर्षी येते, देवीची गाणी म्हणते, पुरण वाटते, आणि जेवायला बसली की तिच्या ताटात साधी पोळी असते. तिचा रोट तिच्या सासरी, पुढच्या रविवारी.

शनिवारीच आम्ही धुळ्याला पोचलो होतो. गहू मोजताना अक्कानं सूनबाईला समोर बसवलं आणि तिची सव्वा मूठ तिच्याच हातानं घालायला लावली. मग मुलाची, तो नव्हता तरी. विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. घोळ माझ्या लक्षात आला तो तेव्हा. उद्या जेवायला बसल्यावर सगळ्यांच्या ताटात रोट असणार, आणि पाच हजार मैलांवरून आलेल्या, मुळातच नाराज असलेल्या विहिणीच्या ताटात नसणार. आणि का नाही, हे तिला स्पॅनिशमध्ये सांगणार कोण? मी. कुणाला द्यायचं, काय द्यायचं, कुणाला नाही द्यायचं. ज्या वाक्यापासून मी पाच महिने तोंड लपवून पळत होतो, ते धुळ्यात माझी वाट बघत बसलं होतं.

म्हणून मी शक्कल लढवली. बायकोला बाजूला घेऊन म्हणालो, "वेगळ्या पिठाचा एक रोट कर. दिसायला हुबेहूब. विहीणबाईंच्या ताटात तो वाढू."

"देवीसमोर खोटं?"

"खोटं कुठंय? गव्हाचाच आहे. रोट बाहेर गेला नाही, पाहुणीचा मान राहिला. दोन्ही झालं."

"आणि अक्काला कळलं तर?"

"कोण सांगतंय अक्काला?"

बायकोनं केला. नाइलाजानं केला, पण झकास केला. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून मी स्वतः त्याच्या कडेला चिमटीनं तीन खुणा काढल्या. एवढी अक्कल मी नोकरीत वापरली असती तर मुख्याध्यापक झालो असतो.

रविवारी आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. विहीणबाईंच्या एका बाजूला सूनबाई, दुसऱ्या बाजूला अक्का. विहीणबाईंनी आपल्या ताटातला रोट पाहिला, कडेच्या त्या तीन खुणांवरून बोट फिरवलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसल्या. त्यांना वाटलं, आपल्यासाठी मुद्दाम नक्षी काढलीय. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग त्यांनी काय करावं? रोटाचा चांगला मोठा तुकडा मोडला आणि प्रेमानं अक्काच्या ताटात ठेवायला हात पुढे केला. शेजारी बसलेली, आपल्यासारखीच नवरा गेलेली बाई. द्यावंसं वाटलं असेल.

अक्काची नजर आधी कडेच्या खुणांवर गेली, मग माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर. बायकोचा चेहरा पोलिसांना जबाब द्यायला निघाल्यासारखा झाला होता. अक्कानं आपलं ताट सर्रकन मागे ओढलं.

"हाऊ रोट आपला नई शे," अक्का म्हणाली. "भाऊ, हाई काय करी ठेवं तू?"

विहीणबाईंचा हात तसाच हवेत. त्यांनी मला विचारलं, अक्काला का नको?

मी म्हणालो, "अक्काचं पोट भरलं आहे. अक्काला अक्काचा रोट जात नाही." लग्नपत्रिका छापून झाली आणि तेवढ्यात अक्कानं परातीतून स्वतःसाठी दुसरा रोट घेतला.

विहीणबाईंनी तुकडा आपल्या ताटात ठेवला. मग आपल्या रोटाकडे पाहिलं, लेकीच्या रोटाकडे पाहिलं, परातीतल्या रोटांकडे पाहिलं. आयुष्यभर एका ताग्यातलं कापड आणि दुसऱ्या ताग्यातलं कापड ओळखत आलेली बाई. तिच्यापुढे मी पिठाचा जोड लावला होता.

"माझा वेगळा आहे," त्या म्हणाल्या.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. "पप्पा?" एवढंच. तिच्या आवाजात जे होतं, त्यापेक्षा तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं, की विमानं, घरं, नोकऱ्या, मुलाचं परतणं, सगळं त्या तीन चिमट्यांवर येऊन टेकलंय.

"देवीना घरमा खोटं चालत नई," अक्का म्हणाली. तिनं जेवण थांबवलं होतं. "खरं सांगी टाक तिले. तिले वाईट वाटी, पन खरं सांग."

"अक्का, तिकडच्या भाषेत मला ते जमत नाही."

"खोटं कसं जमनं मग?"

मी पानावरून उठलो आणि विहीणबाईंसमोर मांडी घालून बसलो. सूनबाई मदतीला पुढे झाली तर विहीणबाईंनी तिला हातानं थांबवलं.

मी सुरुवात केली. हा रोट देवीचा. घरातल्या माणसांचा. "नो से लो दामोस," मी म्हणालो. तो आम्ही देत नाही. मग सूनबाईकडे हात केला. "से लो दामोस." तो आम्ही देतो.

"कुणाला?" विहीणबाईंनी विचारलं.

झालं. तो चौघांच्या वाटचा ‘से’. आदरानं विहीणबाईही ‘से’ आणि त्यांची मुलगीही ‘से’. मी देतो म्हणत होतो, नाही देत म्हणत होतो, आणि कुणाला ते दोन्ही वेळा एकाच पाटावर बसलं होतं. आणखी एकदा तेच म्हणालो, आवाज चढवून, जसं काही त्या बहिऱ्या होत्या. त्यांनी मान हलवली. आदर ठेवून हे सांगता येणार नव्हतं, निदान माझ्या स्पॅनिशमध्ये.

मी डोळे मिटले, सात पिढ्यांची माफी मागितली आणि म्हणालो, "आ ती, नो ते लो दामोस." तुला, आम्ही तो देत नाही. मग सूनबाईकडे बोट केलं. "आ एया, से लो दामोस." तिला देतो.

पहिल्यांदा मी त्यांना ‘तू’ म्हणालो ते असं. जेवायला बसलेल्या पाहुणीला तोंडावर नाही म्हणताना.

विहीणबाई सावकाश बोलल्या, एकेक शब्द सुटा करून, मला समजावा म्हणून. "मला देत नाही. कारण मी पाहुणी."

"हो."

"तिला देता. कारण ती?"

मला ‘सदस्य’ला शब्द आठवेना. मी म्हणालो, "ती घर."

"काल तिनं हातानं गहू घातले. ते हे?"

"हो. तिची मूठ. माझ्या मुलाची पण. तो इथं नाही, तरी त्याची मूठ घातली."

"ती पण इथं नसली तर? एखाद्या वर्षी माझ्याकडे आली असली तर?"

"तरी घालणार."

"आणि आणखी कुणाला देत नाही?"

मी बहिणीकडे बोट दाखवलं. "माझी बहीण. इथं जन्मली. तिला देत नाही. तिचा रोट भुसावळला, नवऱ्याच्या घरी."

बहिणीला भाषा कळली नाही, पण बोट कळलं. तिनं आपल्या ताटातली साधी पोळी वर उचलून विहीणबाईंना दाखवली आणि ताट घेऊन सरळ त्यांच्याशेजारी येऊन बसली. "आपण दोघी बाहेरच्या," ती मराठीत म्हणाली. "बसा आरामात. बाहेरच्यांना भांडी घासायला लावत नाहीत."

विहीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग त्या भरभर बोलू लागल्या, माझ्यासाठी वेग कमी न करता, आणि ते मला सूनबाईनं नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, जळगावला दहा दिवस मी बघतेय, तुला कुणी पेलासुद्धा उचलू देत नाही. माझ्या मनात आलं, हे लोक चांगले आहेत, पण माझी मुलगी इथं जन्मभर पाहुणी म्हणून बसून राहणार. पाहुण्याला लोक केव्हातरी कंटाळतात. आज पहिल्यांदा पाहुणी कोण आणि घरची कोण हे मला कुणीतरी सांगितलं. पाहुणी मी निघाले.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सूनबाई रडतेय, आणि मी माझ्या परीनं अर्थ लावला की सगळं संपलं. स्टेंटच्या जागी हात नेऊन मी मुलाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात विहीणबाईंनी तो तीन चिमट्यांचा रोट उचलला, अर्धा मोडून माझ्या बहिणीच्या ताटात ठेवला, अर्धा स्वतः खायला घेतला, आणि घास गिळून माझ्याकडे वळल्या.

"कुइदामेला," त्या म्हणाल्या.

एकच शब्द. क्रियापदाच्या मागे चिकटून आलेली दोन सर्वनामं. माझ्यासाठी, तिला, सांभाळ. मॅडमनी असले शब्द फोडून दाखवायला माझ्यासोबत कित्येक तास घालवले होते आणि मला ते कधी फुटले नव्हते. हा मला फोडावा लागला नाही. मी हो म्हणालो. पुढे काही सर्वनाम लावायला पाहिजे होतं, ते लावलं नाही.

"काय म्हनी राहिनी ती?" अक्कानं विचारलं.

"ती म्हनस, मन्हा करता तिले जप."

"जपसूत. तिना सांगानी गरज नई." अक्कानं पुन्हा घास उचलला. मग तिला काहीतरी आठवलं. "पन तिले सांग, घरनी व्हयनी म्हंजे कामबी घरनं. उद्या सकायमा देवी नदीवर लई जानी शे. पोरगीले पाचले उठनं पडी. लाड मी करत नई."

हे भाषांतर मला जमलं, कारण त्यात कुणी कुणाला काही देत नव्हतं. विहीणबाईंनी ऐकलं, आणि त्या हसायला लागल्या, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. पाच वाजता? त्या लेकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, तीस वर्षं मी हिला सकाळी उठवायला बघतेय, शाळेपासून. एकदा जमलं नाही. अक्काला जमलं तर मला कसं ते कळवायचं.

मी ते अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "पानी टाकसू तोंडवर."

ते मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी अक्काच्या हातावर टाळी दिली. सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "पप्पा, तुम्ही हे सगळं भाषांतर करायलाच पाहिजे का?"

मी म्हटलं, आता कुठं जमायला लागलंय. बायको परात घेऊन उठत होती. सूनबाईनं ती तिच्या हातातून घेतली, आणि बायकोनं सवयीनं "बस, बस, तू कशाला" म्हणायला तोंड उघडलं. मग तिनं विहीणबाईंकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि आपल्या जागेवर खाली बसली. सूनबाई परात घेऊन वाढायला निघाली. पहिलं पान माझं होतं. तिनं रोट वाढला आणि विचारलं, आणखी?

मी नको म्हणालो. तिनं आणखी एक वाढला.